31 मार्चला गावात कोण असतं?

ऊसतोडीच्या फडात एक दिवस काम चुकलं की तो खाडा. खाडा पडला की मुकादमाच्या वहीत त्याची नोंद होते आणि उचलीतून पैसे कापले जातात. बाई तापानं फणफणलेली असो, पाळीच्या दुखण्यानं वाकलेली असो, नाहीतर सातव्या महिन्यात असो. वहीला कारण लागत नाही, तारीख लागते. 2019 मध्ये बीडच्या बायका बोलू लागल्या तेव्हा एका खाड्याला पाचशे रुपये दंड ही गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. त्या दंडाच्या धाकानं किती जणींनी गर्भाशयाची पिशवी काढून टाकली, हे मात्र जिल्ह्याच्या एकाही सरकारी नोंदवहीत सापडेना.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. बाईच्या दुखण्याचा रोजचा हिशेब ठेवणारा माणूस जिल्ह्यात होता. तो मुकादम होता, आरोग्य खातं नव्हतं.

जून 2019 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला: बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये देशभराचं हे प्रमाण जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगटाचा थोडा फरक धरला तरी हे अंतर भरून निघत नाही.

पहिला आकडा तीन वर्षांतल्या शस्त्रक्रियांचा, दुसरा बायकांच्या आजवरच्या आयुष्याचा. दोन्हींची वजाबाकी करून काही हाती लागणार नाही. पण एक विचारलंच पाहिजे. खासगी रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या कायद्यापासून होते आहे. दवाखान्यात खाटा किती, डॉक्टर कोण, परवाना कधी संपतो हे कागदावर असतं. एका जिल्ह्यात एकाच प्रकारच्या शस्त्रक्रिया इतक्या का होतात, हे विचारण्याची जबाबदारी कुणाच्या टेबलावर होती? कुणाच्याच नाही. वर्तमानपत्रांनी आणि बायकांच्या संघटनांनी आवाज उठवला नसता तर आजही ती कुणाच्या टेबलावर आली नसती.

त्यानंतर बीडमध्ये एक चांगली गोष्ट झाली. खासगी रुग्णालयात पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी, असा नियम आला. ऊसतोडीला जाण्यापूर्वी आणि परत आल्यावर तपासणी करायची असं ठरलं. सुधारणा म्हणतात ती हीच. काम होण्याआधी सही, आणि सही करणाऱ्याचं नाव. जून 2025 मध्ये आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे वर्तमानपत्रांत आले तेव्हा 843 महिलांची पिशवी काढल्याचं त्यात होतं, आणि त्यातल्या 477 जणी 30 ते 35 वयाच्या होत्या. 1,523 बायका गरोदर असताना ऊस तोडायला गेल्या होत्या. आकडे पोटात गोळा आणणारे आहेत, पण निदान मोजले गेले. 2019 पूर्वी तेवढंही नव्हतं.

आता या तपासणीची वही कशी असावी, यावर बीडमध्ये हट्टानं बोललं पाहिजे. जाताना रक्त 8 ग्रॅम भरलं, ही एका रजिस्टरातली नोंद. परत आल्यावर दुसऱ्या शिबिरात, दुसऱ्या रजिस्टरात दुसरीच नोंद. दोन्ही एका ओळीत, त्याच बाईच्या नावापुढं आल्या नाहीत तर मधल्या पाच-सहा महिन्यांत तिचं काय झालं हे कुणालाच कळणार नाही. त्या काळात ती सांगली-कोल्हापूरकडं असते, नाहीतर बेळगाव-बागलकोटकडं. तिकडच्या आरोग्य केंद्रात गोळ्या घेतल्या तर खर्च तिकडच्या हिशेबात आणि नाव मात्र इकडच्या यादीत. बाळंतपण फडाजवळच्या गावात झालं तर जननी सुरक्षा योजनेचे सातशे रुपये कुणी द्यायचे यावर कागद फिरत राहतो. पैसा फार नाही. पण तो तिच्या हक्काचा आहे आणि दोन जिल्ह्यांच्या हिशेबात अडकतो.

खरा घोळ कॅलेंडरचा आहे. सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं. बीडचं वर्ष दिवाळीला फुटतं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की पाडव्याच्या मागेपुढे परततात. सरकारी पैशाची गतीही सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये मंजुऱ्या, पावसाळ्यात पत्रव्यवहार, दिवाळीनंतर निधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्चाची घाई. जे लोक सरकारी आरोग्यसेवेवर सगळ्यात जास्त अवलंबून आहेत, ते गावात असतात तेव्हा पैसा नसतो. पैसा येतो तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं उरतात. मार्चमध्ये शिबिर लागतं, मंडप पडतो, फलकाचा फोटो निघतो, उपयोगिता प्रमाणपत्र वर जातं. ज्यांच्यासाठी शिबिर, ते त्या दिवशी दोनशे-अडीचशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असतात.

पैसा पाठवण्याच्या पद्धतीत सुधारणा झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं 2005 नंतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हातात थोडी मोकळी रक्कम दिली: 25,000 अबंधित निधी, 50,000 देखभालीसाठी आणि 1,00,000 रुग्ण कल्याण समितीसाठी. नळ गळतो तर तो दुरुस्त करायला जिल्ह्याला पत्र पाठवायचं कारण उरलं नाही. ही मोठी गोष्ट होती. 2021 पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्यात एकाच खात्यात ठेवायचा आणि खालच्या केंद्रांना फक्त खर्चाची मर्यादा द्यायची, अशी पद्धत आली. त्यामुळं गावोगावच्या बँकांत पडून राहणारी रक्कम दिल्लीला दिसू लागली. तेही बरोबरच. पण मर्यादा उशिरा आली आणि 31 मार्चला संपली तर आरोग्य केंद्राच्या हातात उरतात ते चार घाईचे आठवडे. पैसा कुठं आहे हे वरच्यांना पक्कं कळतं. पैशानं काय झालं, हे खाली कुणी विचारत नाही.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेवरचा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळापुढं आला. 2016-17 ते 2021-22 या काळाची तपासणी त्यात आहे. डॉक्टरांची मंजूर पदं चौथ्या हिश्श्याहून अधिक रिकामी, परिचारिकांची एक तृतीयांशाच्या आसपास. आता हेच सरकारी हिशेबात कसं दिसतं ते पाहा. परिचारिकेचं पद भरलं नाही की तिचा पगार खर्च होत नाही. वर्षअखेरीला तो पैसा शिल्लक म्हणून दिसतो आणि परत केला जातो. समजा, एके रात्री कळा सुरू झालेली बाई आली, केंद्रात कुणी नव्हतं, तिला पुढं धाडलं. जीपवाल्यानं मागितले तेवढे पैसे नवऱ्यानं दिले, शेवटी खासगी दवाखान्यात सिझेरियन झालं आणि ते बिल भागवायला मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली गेली. सरकारच्या हिशेबात हा खर्च कुठंच नाही. तो त्या घराच्या डोक्यावर गेला. जिल्ह्यानं पैसे वाचवले नाहीत, गरिबाच्या खिशातून काढले. आरोग्याच्या हिशेबात पहिली दुरुस्ती करायची तर रिकाम्या पदांच्या यादीशेजारी त्या महिन्यात पुढं धाडलेल्या रुग्णांचा आकडा छापा. त्याला एक रुपयाही खर्च नाही.

औषधसाठ्याच्या वहीचंही तेच. आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक. रकाने जुळले की तपासणी संपली. डिसेंबर 2024 मध्ये अंबाजोगाईला गुन्हा नोंदवला गेला. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या पंचवीस हजारांहून अधिक गोळ्या बनावट असल्याचा तो आरोप होता. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचं नाव आपण अभिमानानं घेतो, तिथली ही गोष्ट. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. पण नोंदवही नग मोजते. गोळीच्या आत औषध आहे की नाही हे तिला कळत नाही. राज्याच्या औषधखरेदीचं काम 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडं गेलं, 2023 मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करण्याचा कायदा झाला. खरेदी करणारं कार्यालय बदललं की सुधारणा झाली असं मंत्रालयाला वाटतं. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या दृष्टीनं सुधारणा एकच: प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय गोळी वॉर्डात जायची नाही आणि बिलही निघायचं नाही.

आता दिव्यांगांकडं येऊ. इथं तर हिशेबाचा सगळा भार ज्याच्याकडून तो पेलवत नाही त्याच्यावरच टाकलेला आहे.

आष्टी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर सेरेब्रल पाल्सी झालेलं मूल आहे. नऊ-दहा वर्षांचं, मान स्थिर राहत नाही. त्याला आई नाहीतर आजी काखेत घेऊन निघते. एसटी गाठायची, बीडला जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी दिव्यांग मंडळापुढं हजर व्हायचं. वाडीवरून नगर जवळ आणि बीड लांब, पण जिल्हा बीड, म्हणून बीडलाच यायचं. त्या दिवशी संबंधित डॉक्टर रजेवर असले तर पुढच्या वेळी या. नोंदणी ऑनलाइन झाली नसेल तर आधी ती करून या. आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर तहसील. दर फेरीला मजुरी बुडते, तिकीट जातं, मुलाचे हाल होतात ते वेगळेच. या फेऱ्या कुणी मोजत नाही. मंडळानं महिन्यात किती प्रमाणपत्रं दिली हे मोजलं जातं. एका प्रमाणपत्रामागं घरच्यांना किती हेलपाटे पडले, हे मोजायचं ठरलं तर पुढच्याच महिन्यात मंडळ तालुक्याला बसायला लागेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात 21 झाले. पण माणसं किती याचा आपला आकडा अजून 2011 च्या जनगणनेचा: महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार. तेव्हा सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ला, कंपवात मोजलेच नव्हते. त्यानंतर जनगणना झाली नाही. अंदाजपत्रक त्या जुन्या आकड्यावर आणि कायदा नव्या यादीवर. प्रमाणपत्र किती दिवसांत द्यायचं, तर 2017 च्या नियमांत एक महिना होता, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीनं तो तीन महिने झाला. मुदत पाळता येत नाही म्हणून मुदतच वाढवायची, याला मी सुधारणा म्हणायला तयार नाही. बीडमध्ये तर तीन महिन्यांचा अर्थ आणखी वाईट आहे. सप्टेंबरात अर्ज केला आणि टोळी ऑक्टोबरात निघाली तर ते मूल मंडळापुढं येणार ते पुढच्या वर्षी.

बोगस प्रमाणपत्रांचं म्हणाल, तर ते बीडइतकं कुणाला ठाऊक आहे? जिल्हा परिषदेत बदलीच्या सवलतीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र जोडलेल्या शिक्षकांची 2022-23 मध्ये अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासणी झाली आणि पन्नासहून अधिक शिक्षक निलंबित झाले. निलंबन म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे मान्य. तरी फेरतपासणी करण्याचं धाडस त्या वेळच्या जिल्हा परिषद प्रशासनानं दाखवलं, त्याला दाद दिलीच पाहिजे. माझी तक्रार पुढची आहे. घोटाळा पगारदारांच्या प्रमाणपत्रांत निघाला आणि संशयाचा जाच वाडीवरच्या आजीच्या वाट्याला आला. ज्या सहीनं प्रमाणपत्र दिलं, त्या सहीचा हिशेब कुणी मागितला? बनावट कागद एका हातानं तयार होत नाही. घेणाऱ्याबरोबर देणाऱ्याचंही नाव यायला हवं.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. आधी तीन टक्के होते. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं हे ते उत्पन्न. समजा एका गावाची वर्षाची अशी वसुली दोन लाख आहे. पाच टक्के झाले दहा हजार. गावात दिव्यांग वीस. माणशी पाचशे. वसुली मार्चमध्ये, वाटपही मार्चमध्ये, आणि वीसपैकी सहा जण आई-बापांबरोबर फडावर. त्यांच्या नावापुढं काय लिहिलं जातं, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात जाऊन पाहावं. काही ग्रामपंचायती नेटानं आणि वेळेवर पैसे देतात, चांगलं काम करतात. पण बहुतेक गावांत हा पाच टक्क्यांचा नियम खुद्द दिव्यांगांनाच माहीत नसतो. ज्याचा पैसा त्यालाच त्याची खबर नसेल तर त्या हिशेबाची तपासणी करणार तरी कोण?

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा महिना 300 रुपये आहे. 80 टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला दिवसाला दहा रुपये. 2012 नंतर हा आकडा हललेला नाही. महाराष्ट्रानं संजय गांधी निराधार योजनेतली रक्कम आधी दीड हजार केली आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय घेतला. हे राज्याला शोभणारं आहे. मात्र बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेत ज्याचे पैसे अडतात, त्याच्या घरी जाण्याची जबाबदारी कुणाची हे अजून ठरलेलं नाही. कुष्ठरोगानं बोटं गेलेल्या माणसाला अंगठा मागणारी पद्धत कुणी आखली असेल, तर त्यानं एक दिवस त्या रांगेत उभं राहावं.

सरकारी हिशेब सुधारण्याची गोष्ट निघाली की न्यूझीलंडचं नाव घेतलं जातं. त्या देशानं 1989 च्या कायद्यानं सरकारी हिशेब व्यापारी पद्धतीवर नेला. 1993 मध्ये सरकारी रुग्णालयांना कंपन्यांसारखं चालवायला घेतलं, कुणी सेवा विकायची, कुणी विकत घ्यायची. दशक संपता संपता लोकांनी ती व्यवस्था नाकारली आणि 2001 मध्ये जिल्हा आरोग्य मंडळं आली, ती 2022 पर्यंत चालली. हिशेबाची चांगली पद्धत टिकली, रुग्णालयाला दुकान करण्याचा खटाटोप टिकला नाही. आपल्याकडं सल्लागारांच्या अहवालांत पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात. बीडच्या आरोग्य केंद्राला नफा-तोटा पत्रक नको आहे. एका बाळंतपणाला आपल्याला किती खर्च येतो आणि त्या बाईला स्वतःच्या खिशातून किती द्यावे लागले, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिता आले तरी पुष्कळ झालं.

आणि बीडला हिशेब कळत नाही असं कुणी म्हणू नये. पीक विम्यात कंपन्यांचा नफा बांधून टाकणारा 80-110 चा बीड पॅटर्न 2020 मध्ये याच जिल्ह्यातून सुरू झाला. भरपाई कमी निघाली तर कंपनीनं हप्त्याच्या वीस टक्क्यांपर्यंतच ठेवायचं, बाकी सरकारला परत. भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांपलीकडं गेली तर वरचा भार राज्याचा. ही एक साधी अट होती, कागदावर दोन ओळींची. तशीच दोन ओळींची अट आरोग्याला आणि दिव्यांग सेवेला लावता येईल. ऊसतोड तालुक्यांतल्या शिबिरांचा, तपासण्यांचा आणि दिव्यांग मंडळाच्या तालुका बैठकांचा निधी मे महिन्यात पोचला पाहिजे आणि खर्च सप्टेंबरअखेर झाला पाहिजे. मार्चमध्ये झालेला खर्च ऊसतोड कुटुंबांसाठी झाला, असं दाखवायचं असेल तर त्या कुटुंबांच्या सह्या किंवा अंगठे हवेत. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी या तिघांनी एका टेबलावर बसून ठरवलं तर यातलं बरंचसं जिल्ह्यातच होण्यासारखं आहे. मंत्रालयाची वाट पाहायची गरज थोड्याच गोष्टींसाठी पडेल.

तोवर आपण काय करायचं? ग्रामसभेच्या चार नेमल्या तारखांपैकी 26 जानेवारीला अर्धं गाव फडावर असतं. 1 मेला मात्र टोळ्या परत आलेल्या असतात. त्या दिवशी ग्रामसभेत उठून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं दोन कागद मागा. सरलेल्या वर्षात पाच टक्क्यांतून कुणाला, किती आणि कोणत्या तारखेला दिले, त्याची यादी. आणि ऊसतोडीला जाताना ज्या बायकांची तपासणी झाली, त्यांतल्या किती जणींची परतल्यावर पुन्हा झाली, तो आकडा. बायकांची नावं वाचू नका, आकडा पुरे. पैशाची यादी मात्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या आणि ज्याचं नाव आलं त्याला तिथंच विचारा, पैसे मिळाले का. तपासणीचा कागद नसेल तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत आरोग्य केंद्राला द्या. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला, टोळ्या निघायच्या आत, हेच दोन कागद पुन्हा मागा.